मालिशनंतर दरवेळी दुखणे उफाळून येते : फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांसाठी समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा अशी सांगितली जाते. मालिश चालू असताना बरे वाटते, अंग मोकळे झाल्यासारखे होते, त्या संध्याकाळी चार कामेही उरकतात. रात्री मात्र अंग जड होऊ लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांदे, पाठ, मांड्या अशा ठणकू लागतात की अंथरुणातून उठणेही नको वाटते. दोन-तीन दिवसांनी ठणका ओसरतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा मालिश होते आणि पुन्हा तेच घडते. मालिश करणारी व्यक्ती सांगते, ‘‘सुरुवातीला दुखणारच, आतल्या गाठी फुटतायत.’’ घरचे म्हणतात, सवय नाही म्हणून दुखते. रुग्ण मग एक तर निमूटपणे सोसत राहतो किंवा मालिश आपल्या अंगाला मानवतच नाही असे ठरवून ती कायमची सोडून देतो.

फिजिओथेरपीच्या कामात ही तक्रार मी सतत ऐकते आणि माझे स्पष्ट मत असे आहे की या दोन्ही टोकांना जाण्याची घाई करू नये. फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहणारा, थकवा आणि झोपेच्या तक्रारीही आणणारा आजार. त्यात मालिश ही औषधासारखी मात्रेने द्यायची गोष्ट आहे. दाब किती, एका जागी किती वेळ, हाताची गती कोणती, दोन मालिशींमध्ये किती दिवसांचे अंतर आणि त्या दिवशी शरीरावर आणखी कोणता भार पडला, या सगळ्यांची मिळून ती मात्रा ठरते. दुखणे वारंवार उफाळत असेल तर यांतली निदान एक गोष्ट प्रमाणाबाहेर गेलेली असते आणि ती कोणती हे शोधून काढता येते.

साधे अंग दुखणे की उफाळा?

जोराची मालिश झाली की निरोगी माणसाचेही अंग दुखते. मात्र ते दुखणे जिथे रगडले तिथेच असते, एक-दोन दिवस टिकते, फार तर तिसऱ्या दिवशी जाते आणि झोपेवर किंवा पचनावर त्याचा परिणाम होत नाही. फायब्रोमायल्जियातील उफाळ्याचे रूप वेगळे असते. मालिश पाठीची झालेली असते, पण जबडा, तळहात आणि पोटऱ्याही दुखू लागतात. झोप लागत नाही, किंवा लागली तरी सकाळी न झोपल्यासारखे वाटते. बोलताना साधे शब्द आठवत नाहीत, गॅस बंद केला की नाही हे पुन्हा पुन्हा पाहावे लागते, पोट बिघडते, ट्यूबलाइटचा उजेड आणि मिक्सरचा आवाज सोसवत नाही. अशी लक्षणे दिसत असतील तर ‘दोन-चार वेळा झाले की सवय होईल’ हा सल्ला लागू पडत नाही, कारण या स्थितीत मज्जासंस्था सरावण्याऐवजी अधिकच संवेदनशील होत जाण्याची शक्यता असते.

मालिशमुळे शरीरातील विषारी द्रव्ये सुटतात आणि ती रक्तात मिसळल्यामुळे दुखते, असेही एक स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. त्याला आधार नाही. व्यायामात स्नायूंमध्ये साठणारे लॅक्टिक आम्लसुद्धा सुमारे तासाभरात आपोआप निघून जाते. ते ‘बाहेर काढण्यासाठी’ रगडावे लागत नाही. मालिशनंतर पाणी अवश्य प्यावे, पण भरपूर पाणी प्यायल्याने उफाळा टळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

खरे कारण मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश कसे हाताळतात यात आहे. २००२ मध्ये ग्रेसली या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या आणि निरोगी व्यक्तींच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचे एमआरआय चित्रण केले. निरोगी व्यक्तीला जी वेदना होण्यासाठी जितका दाब लागत होता, त्याच्या निम्म्याहून थोड्याच अधिक दाबाने रुग्णांना तेवढीच वेदना होत होती आणि मेंदूतील वेदनेशी संबंधित भागांत तशीच हालचाल दिसत होती. मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात ‘सबस्टन्स पी’ हे वेदनेच्या संदेशवहनातील रसायन रुग्णांमध्ये वाढलेले असते, हेही १९८८ पासून वेगवेगळ्या संशोधक गटांना आढळले आहे. म्हणूनच ‘एवढ्याशा दाबाने कसे काय दुखते?’ हा प्रश्न रुग्णाला विचारण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी तो दाब एवढासा नसतोच.

पहिली तपासणी : दाब

निम्म्याहून अधिक तक्रारींची उकल इथेच होते असे मला वाटते, म्हणून या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहिते.

१९९० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने फायब्रोमायल्जियाच्या निदानासाठी निकष ठरवले. त्यांत शरीरावरचे १८ बिंदू निश्चित केले होते : कवटीच्या तळाशी मागच्या बाजूला, मानेच्या खालच्या भागात पुढून, मानेकडून खांद्याकडे जाणाऱ्या स्नायूच्या मध्यावर, खांद्याच्या फऱ्याच्या वर, दुसऱ्या बरगडीजवळ, कोपराच्या बाहेरच्या अंगाला, नितंबाच्या वरच्या बाहेरील भागात, मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यामागे आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला, असे डावीकडे नऊ आणि उजवीकडे नऊ. तपासणारा डॉक्टर प्रत्येक बिंदूवर अंगठ्याने सुमारे ४ किलोचा दाब देई आणि १८ पैकी किमान ११ ठिकाणी दुखले तर बिंदूंचा निकष पूर्ण होई. ४ किलोचा दाब ओळखण्याची डॉक्टरांची खूण अशी की, दाबणाऱ्या अंगठ्याच्या नखाखालचा गुलाबी रंग जाऊन तो पांढरा पडू लागतो. २०१० च्या निकषांतून ही बिंदूंची तपासणी वगळण्यात आली आणि निदान दुखऱ्या भागांची संख्या व थकवा, झोप, स्मरण यांसारख्या लक्षणांच्या तीव्रतेवरून होऊ लागले. असे असले तरी मालिश करणाऱ्याला त्या जुन्या तपासणीतून फार मोलाची गोष्ट मिळते. नख पांढरे पडेपर्यंतचा दाब हा या आजारातली वेदना जागी करून दाखवण्यासाठी वापरला जाणारा दाब आहे. उपचार करताना तोच दाब, त्याच अठरा जागांवर, तासभर दिला तर दुसऱ्या दिवशी दुखणे उफाळणारच.

आणि नेमके हेच घडत असते. मानेकडून खांद्याकडे जाणारा स्नायू हाताला ताठ लागतो, मालिश करणाऱ्याला तिथे गाठ जाणवते, आणि ती ‘फोडण्यासाठी’ अंगठा किंवा कोपर तिथेच रोवला जातो. आपल्याकडे दुखल्याशिवाय गुण येत नाही ही समजूत इतकी खोल रुजलेली आहे की, रुग्णाने कण्हणे म्हणजे हात बरोबर जागी पडल्याची पावती मानली जाते. फायब्रोमायल्जियात हा हिशेब उलटा आहे.

म्हणून पुढच्या वेळी मालिश करणाऱ्याच्या अंगठ्याचे नख पाहावे, किंवा त्यालाच पाहायला सांगावे. रंग बदलत असेल तर दाब जास्त आहे. रुग्णाने आपल्या बाजूने वेदनेला शून्य ते दहा असे गुण द्यावेत आणि मालिश चालू असताना हा आकडा तीनच्या वर जाऊ देऊ नये. श्वास रोखला जाणे, पायाची बोटे आखडणे, भुवया ताणल्या जाणे, हाताची मूठ वळणे या खुणा मालिश करणाऱ्याने स्वतः ओळखाव्यात, कारण संकोचापायी ‘ठीक आहे, चालेल’ असे म्हणणारे रुग्ण पुष्कळ असतात. अठरा बिंदूंवर थेट अंगठा लावू नये. तळहाताने त्यांच्या आजूबाजूच्या भागावर काम करावे.

मालिशच्या आधी वेदनाशामक गोळी घेण्याची युक्ती काही जण करतात. ती टाळावी. गोळीमुळे दाबाचा अंदाज बोथट होतो, त्या वेळी जास्त दाब सहन केला जातो आणि गोळीचा असर उतरल्यावर त्याची किंमत मोजावी लागते. नेहमीची, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे मात्र ठरल्या वेळी घेत राहावीत.

दुसरी तपासणी : वेळ आणि गती

दाब बेताचा असूनही दुखणे उफाळत असेल तर हात एकाच जागी किती वेळा फिरतो ते पाहावे. वेदनेचे संदेश नेणाऱ्या बारीक मज्जातंतूंकडून दोन-तीन सेकंदांच्या आत पुन्हा पुन्हा संदेश आले की मज्जारज्जूत त्यांची बेरीज होत जाते. पहिला स्पर्श जेवढा जाणवतो त्याहून दहावा स्पर्श अधिक जाणवतो, जरी दाब तोच असला तरी. ही बेरीज प्रत्येक माणसात होते. फायब्रोमायल्जियात ती अधिक होते आणि स्पर्श थांबल्यानंतरही तिचा परिणाम जास्त वेळ रेंगाळतो. भराभर चोळणे, एकाच जागी गोल-गोल घासणे, तबल्यासारखी बोटे आपटणे आणि मसाज गनचे ठोके हे सगळे प्रकार या बेरजेला आमंत्रण देतात. मसाज गन आणि कंप देणाऱ्या खुर्च्या यांच्याविषयी मी म्हणूनच सावध आहे. निरोगी खेळाडूसाठी बनवलेले यंत्र या आजारात आंधळेपणाने वापरू नये.

याच्या उलट, संथ स्पर्शाचा मार्ग वेगळा आहे. केसाळ त्वचेत हळुवार स्पर्शाला प्रतिसाद देणारे काही तंतू असतात आणि स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले आहे की सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या गतीने फिरणाऱ्या हाताला ते सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. मनगटापासून कोपरापर्यंतचे अंतर सुमारे २५ सेंटिमीटर असते. सेकंदाला तीन सेंटिमीटर या गतीने तिथे पोहोचायला हाताला आठ सेकंद लागायला हवेत. प्रत्यक्षात हे अंतर बहुतेक मालिशींमध्ये एका सेकंदात कापले जाते. मनातल्या मनात आठपर्यंत मोजत स्वतःच्या हातावरून तळवा फिरवून पाहिला तर किती सावकाश जायचे आहे ते लगेच कळते.

मायोफेशियल रिलीज या पद्धतीत तर हात घसरवलाच जात नाही. तळवा किंवा बोटे त्वचेवर टेकवून, ऊतक जिथे किंचित अडते तिथेच दीड-दोन मिनिटे थांबायचे, आणि ते स्वतःहून सैल पडेल तेवढेच पुढे जायचे. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच चाललेले नाही असे वाटते. या पद्धतीबद्दलचा पुरावा इतर प्रकारांपेक्षा बरा आहे. स्पेनमध्ये २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ती २० आठवडे दिल्यावर रुग्णांची वेदना, चिंता आणि झोप यांत सुधारणा दिसली. २०१५ मध्ये वेगवेगळ्या मालिश प्रकारांची तुलना करणाऱ्या एका आढाव्यातही मायोफेशियल रिलीजचा परिणाम चांगला दिसला, तर नेहमीच्या स्वीडिश मालिशचा फायदा दिसून आला नाही. खोलवर दाब देणारा डीप टिश्यू मसाज आणि अंग ताणणारा थाई मसाज या आजाराच्या रुग्णांनी निदान सुरुवातीला तरी घेऊ नये असे मी सुचवते. ज्यांचे सांधे प्रमाणापेक्षा जास्त वाकतात, आणि या आजारात अशा व्यक्ती बऱ्याच आढळतात, त्यांना ताणण्याने स्नायूंपेक्षा सांध्यांचाच त्रास होतो.

एकूण वेळेबाबत माझा अनुभव असा की ६० किंवा ९० मिनिटांची ‘संपूर्ण अंगाची’ मालिश ही पॅकेज विकणाऱ्यांची सोय असते. केरळी पद्धतीच्या केंद्रांत दोघांनी मिळून सलग सात दिवस करण्याचा अभ्यंग आणि त्यावर वाफ, असा कार्यक्रम बरेच जण उत्साहाने घेतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोलमडतात. यात तेलाचा किंवा आयुर्वेदाचा दोष नाही. तीन मोठ्या मात्रा एकावर एक पडल्या आणि मधे शरीराला सावरायला वेळच मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. कोणतेही केंद्र निवडण्याआधी वेळ निम्मी करता येईल का आणि एक दिवसाआड येता येईल का, हे विचारावे. ‘कोर्स मधे तोडता येत नाही’ असे उत्तर मिळाले तर तिथे जाऊ नये.

तिसरी तपासणी : मालिशच्या आधीचा आणि नंतरचा दिवस

पुष्कळदा दोष मालिशमध्ये नसतो, तो त्या दिवसात असतो. लोकलच्या गर्दीत उभे राहून किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीवरून तासभर प्रवास करून कोणी मालिशला येते, थंड एसीत उघड्या अंगाने पडून राहते, आणि परतताना पुन्हा तोच प्रवास करते. अशा वेळी दुसऱ्या दिवशीचा ठणका मालिशच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे आहे. आदल्या रात्रीची अपुरी झोप आणि मासिक पाळीच्या आधीचे दिवस हेही वेदनेचा उंबरठा खाली आणू शकतात. त्या दिवशी मालिश पुढे ढकलता आली तर उत्तम, नाहीतर ती नेहमीच्या अर्धीच घ्यावी.

नंतरचा दिवस तर अधिकच महत्त्वाचा. मालिशमुळे अंग हलके झाले की राहून गेलेली कामे डोळ्यांसमोर येतात. माळा आवरला जातो, गव्हाचे डबे उतरवले जातात, दिवाळीच्या तोंडावर असेल तर चकलीचा सोऱ्या हातात घेतला जातो. दोन दिवसांचे काम एका दुपारी उरकल्यावर येणारा उफाळा त्या कामाचा असतो. मालिशनंतरचे चोवीस तास रोजच्यापेक्षा जास्त काम करायचे नाही, आणि पूर्ण अंथरुणातही राहायचे नाही, असा नियम करावा. घरातल्या घरात किंवा सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चालणे चांगले.

तेल, वास आणि ऊब यांचाही विचार करावा. तेल कोमट असावे. तिळाचे किंवा खोबरेल तेल साधे आणि पुरेसे असते. कापूर, निलगिरी किंवा मेंथॉलचा उग्र वास या आजारातल्या काही रुग्णांना डोकेदुखी आणतो. उटण्याची भरड आणि खरखरीत पंचा यांनी घासणे, विशेषतः नरक चतुर्दशीच्या पहाटेच्या थंडीत घाईघाईने होणारे अभ्यंगस्नान, ज्यांना कपड्याचा स्पर्शही टोचतो त्यांच्यासाठी त्रासाचे ठरते. त्यांनी उटणे दुधात पातळ कालवून नुसते लावावे आणि कोमट पाणी ओतून काढावे, म्हणजे सणही होतो आणि कातडीही सुखरूप राहते.

प्रीगॅबलिन, ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन ही या आजारात दिली जाणारी औषधे घेणाऱ्यांना मालिशनंतर एकदम उठल्यावर गरगरू शकते. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, मिनिटभर बसून मग उभे राहावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ते मालिश करणाऱ्याला आधीच सांगावे आणि काळे-निळे डाग पडत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नव्याने सुरुवात कशी करावी

चालू असलेली मालिश आधी थांबवावी आणि उफाळा पूर्ण ओसरून दुखणे रोजच्या पातळीवर येऊ द्यावे. बहुतेकांना यासाठी दोन आठवडे पुरतात. या काळात रोज रात्री एका वहीत तीनच गोष्टी लिहाव्यात : आज सरासरी दुखणे दहापैकी किती, काल झोप कशी झाली, आज नेहमीपेक्षा वेगळे काय केले. याहून जास्त लिहू नये, कारण दुखण्याची बारीकसारीक नोंद ठेवत बसल्याने लक्ष सतत दुखण्यावरच खिळते.

पहिली मालिश फक्त एका हाताची असावी, कोपरापासून बोटांपर्यंत, फार तर दहा मिनिटे. हे वाचून अनेकांना निराशा वाटते, कारण दुखते पाठ आणि मालिश हाताची. पण ही चाचणी आहे. ४८ तास वाट पाहावी. दुखण्याचा आकडा रोजच्या पातळीपेक्षा दोनाहून अधिक वाढला नाही, आणि वाढला असेल तो दोन दिवसांत खाली आला, तर पुढच्या वेळी दोन्ही हात आणि पावले घ्यावीत. त्यापुढे पाठ तळव्याने, मणक्याला स्पर्श न करता. मान आणि खांदे सर्वांत शेवटी. प्रत्येक वेळी एकच गोष्ट वाढवावी. वेळ वाढवली तर दाब तोच ठेवावा, नवी जागा घेतली तर वेळ तीच ठेवावी. आकडा उसळला तर आधीच्या पायरीवर यावे आणि तिथे दोन-तीन मालिशी काढाव्यात. वीस ते तीस मिनिटे, आठवड्यातून एक-दोनदा, इथपर्यंत पोहोचलेल्या रुग्णाला आणखी वाढवण्याची गरज मला क्वचितच वाटते.

फायदा होतो की नाही हे पहिल्या-दुसऱ्या मालिशीवरून ठरवू नये. २०१४ मध्ये नऊ चाचण्या आणि ४०४ रुग्ण यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाच आठवडे किंवा त्याहून अधिक काळ चाललेल्या मालिशने वेदना, चिंता आणि उदासी कमी झाल्याचे दिसले, झोपेत मात्र ठळक फरक दिसला नाही. हा पुरावा फार भक्कम नाही, हेही मोकळेपणाने सांगायला हवे. युरोपातील संधिवाततज्ज्ञांची संघटना ‘यूलार’ हिने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत ठाम पाठिंबा केवळ व्यायामाला दिला आणि मालिशबाबत पुरावा अपुरा असल्यामुळे ती सुचवली नाही. मी मालिश वापरते ती एवढ्यासाठी की, नीट मात्रेत दिल्यावर काही रुग्णांना चालणे, पोहणे किंवा हलका व्यायाम सुरू करण्याइतपत सैलपणा येतो. मालिश घेऊन व्यायाम मात्र बंदच राहिला असेल, तर तिचा मूळ हेतू साधला जात नाही.

मालिश करणाऱ्याशी बोलणे

फिजिओथेरपिस्टला ‘हलक्या हाताने करा’ असे सांगितले तर बहुधा समजते. घरी येणाऱ्या मालिशवाल्या मावशींना मात्र तेवढे सांगून भागत नाही, कारण मेहनत घेतली नाही तर पैसे फुकट घेतले असे त्यांना वाटते. त्यांचा तो प्रामाणिकपणा आहे आणि त्याचा मान राखूनच बोलावे. ‘‘मावशी, माझ्या नसा फार नाजूक झाल्यात, डॉक्टरांनी रगडायला मनाई केलीय. चार दिवसांच्या बाळाला तेल लावता ना, तसाच हात माझ्या पाठीवरून फिरवा. वेळ कमी लागला तरी पैसे ठरलेलेच देईन,’’ असे स्पष्ट सांगितले की हात बदलतो. विशेषतः पैशांबद्दलचे वाक्य वगळू नये. ‘‘मी हात वर केला की थांबायचं’’ हेही आधीच ठरवून घ्यावे, कारण पालथे पडल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही.

घरची माणसे प्रेमाने पाय चेपतात किंवा लहान मुलाला पाठीवर चालायला सांगितले जाते. पाठीवर चालवणे पूर्ण बंद करावे. पाय चेपायचे असतील तर चेपण्याऐवजी दोन्ही तळव्यांत पाऊल धरून ठेवायला सांगावे. केस कापून झाल्यावर चंपी करून मान कडकन मोडून देण्याची पद्धत कुणीच स्वीकारू नये, फायब्रोमायल्जिया असो वा नसो. मानेला असा झटका बसल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो.

एवढे करूनही त्रास होत असेल तर

मग निदानाकडे पुन्हा पाहावे. ‘ड’ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता, थायरॉइडचे मंद काम, संधिवाताची सुरुवात आणि चिकुनगुनियानंतर महिनोन्महिने रेंगाळणारी सांधेदुखी यांचे रूप फायब्रोमायल्जियासारखे दिसू शकते, आणि यांपैकी काही फायब्रोमायल्जियासोबतही नांदतात. नडगीचे हाड किंवा छातीचे मधले हाड नुसते दाबले तरी दुखत असेल तर ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. बोटांचे सांधे सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकत असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. ताप, कारण नसताना वजन घटणे, हातापायांत मुंग्या येऊन शक्ती कमी होणे ही लक्षणे मालिशने बरी होण्याची वाट पाहू नये. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणे असेल तर ती पोटरी मुळीच चोळू नये, कारण शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. जोरदार मालिशनंतर लघवी चहासारखी गडद झाली तर स्नायूंना इजा झालेली असू शकते आणि त्याच दिवशी रुग्णालयात जायला हवे.

सगळ्या तपासण्या ठीक आहेत, मात्रा अगदी कमी केली आहे, आणि तरीही हाताचा साधा स्पर्श दोन दिवस भोवतो, असेही काही रुग्ण असतात. त्यांच्यासाठी कपड्यावरून तळवा टेकवून ठेवणे, कोमट पाण्याची अंघोळ, गरम पाण्याच्या पिशवीचा कपड्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटांचा शेक हे पर्याय आहेत. तेही नको वाटत असतील तर मालिशचा विषय निदान काही महिने बाजूला ठेवावा आणि तो वेळ व पैसा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चालण्याचा किंवा पाण्यातल्या व्यायामाचा कार्यक्रम सुरू करण्यासाठी वापरावा. हा कार्यक्रमही पाच मिनिटांपासून सुरू करावा आणि वर सांगितलेला ४८ तासांचा नियम त्यालाही तसाच लावावा. नातेवाइकांनी नवे तेल किंवा नवा मालिशवाला सुचवला तर डॉक्टरांनी सध्या थांबायला सांगितले आहे, एवढेच उत्तर द्यावे. ते पुरेसे आहे.